पुस्तक तेच, आवडता चॅप्टर वेगळा

आवडती सीरिज आपण दहा वेळा बघतो, मग आवडती कादंबरी एकदाच का वाचतो? सतराव्या वर्षी वाचलेली ‘हायपेरियन’ ही स्पेस ऑपेरा कादंबरी बाविसाव्या वर्षी पुन्हा उघडल्यावर काय काय बदललेलं दिसलं, त्याची ही गोष्ट.

‘फ्रेंड्स’ किती वेळा बघून झालंय? आणि ‘पंचायत’चा पहिला सीझन? जेवताना काहीतरी लावायचं म्हणून, मूड गेलाय म्हणून, पेपर चांगला गेला म्हणून आणि वाईट गेला म्हणूनही आपण तेच ते एपिसोड पुन्हा लावतो. कुठला डायलॉग कधी येणार हे पाठ असतं, तरी हसतो. आता हाच प्रश्न पुस्तकांबद्दल विचारते. आवडलेली एखादी कादंबरी तुम्ही पुन्हा कधी वाचलीत? सिलॅबसला लागली म्हणून नव्हे, हौसेनं.

कॉलेजच्या कट्ट्यावर हा प्रश्न टाकून बघा. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘अगं, न वाचलेलीच एवढी पडलीयेत, वाचलेली कुठे परत वाचत बसू?’ मुद्दा बरोबर आहे. वर्षाला अमुक इतकी पुस्तकं संपवायची, त्यांचे फोटो टाकायचे आणि पुढच्याकडे वळायचं, असा हा रीडिंग चॅलेंजचा जमाना. पण पुन्हा वाचण्यात एक अशी गंमत आहे, जी नव्या पुस्तकात मिळूच शकत नाही. पुस्तक होतं तिथेच असतं, त्यामुळे आपण किती सरकलोय ते कळतं. लहानपणी दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं खूण करून उंची मोजायचे ना, तसंच.

माझी चौकट म्हणजे डॅन सिमन्स या अमेरिकन लेखकाची ‘हायपेरियन’. ही कादंबरी १९८९ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. मी ती पहिल्यांदा वाचली २०२० च्या लॉकडाउनमध्ये. बारावीचे ऑनलाइन क्लास म्यूट करून, ताईच्या किंडलवर. यंदा सुट्टीत जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर तिची पिवळी पडलेली कॉपी दिसली आणि घेऊन टाकली. आठवड्याभरात पुन्हा वाचून काढली.

पुढे जाण्याआधी एक इशारा. या लेखात चॅप्टर्समधलं बरंच काही येणार आहे. सस्पेन्स जिवापाड जपणाऱ्यांनी आधी पुस्तक वाचावं आणि मग इकडे यावं. शेवट मात्र फोडणार नाही. का, ते शेवटी कळेल.

शिवी होती, कौतुक झालं

‘स्पेस ऑपेरा’ हा शब्द मुळात टोमणा होता. अमेरिकेत रेडिओवर रोज चालणाऱ्या रडक्या मालिकांना साबणाच्या कंपन्या पैसे पुरवायच्या, म्हणून त्यांना ‘सोप ऑपेरा’ म्हणायचे. त्याच चालीवर विल्सन टकर या विज्ञानकथा लेखकानं १९४१ मध्ये, रॉकेटं आणि लढायांनी भरलेल्या घिस्यापिट्या गोष्टींना ‘स्पेस ऑपेरा’ म्हटलं. पुढे दिवस पालटले. ‘स्टार वॉर्स’ आला, ‘ड्यून’सारख्या कादंबरीची पारायणं व्हायला लागली आणि टोमण्याचा चक्क ब्रँड झाला. आज स्पेस ऑपेरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते भव्य विश्व, शेकडो ग्रह, साम्राज्यं, युद्धं आणि त्यात अडकलेली माणसं.

‘हायपेरियन’मध्ये हे सगळं आहे. काळ आपल्यापासून काही शतकं पुढचा. पृथ्वी नष्ट झालीये आणि माणसं शेकडो ग्रहांवर पसरलीयेत. हे ग्रह ‘फारकास्टर’ नावाच्या दरवाजांनी जोडलेत. एका ग्रहावर दारात पाऊल टाकलं की दुसरं पाऊल थेट दुसऱ्या ग्रहावर. श्रीमंतांच्या घरातली प्रत्येक खोली वेगळ्या ग्रहावर असते. या जाळ्याबाहेर राहिलेला एक ग्रह म्हणजे हायपेरियन. तिथे काळाच्या उलट दिशेनं प्रवास करणारी रहस्यमय थडगी आहेत आणि त्यांच्याभोवती वावरतो ‘श्राइक’. तीन मीटर उंच, चार हातांचा, अंगभर पाती आणि काटे असलेला, लाल डोळ्यांचा. एका पंथाचे लोक त्याला देव मानतात, बाकीचे मृत्यू.

युद्ध तोंडावर आलंय आणि सात जण श्राइकच्या शेवटच्या यात्रेला निघालेत. समजूत अशी की तो बाकीच्यांना मारतो आणि एकाची इच्छा पूर्ण करतो. हे सात जण एकमेकांना ओळखत नाहीत आणि त्यांच्यात एक हेर आहे. मग ते ठरवतात की चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचा नंबर येईल त्यानं आपण इथे का आलो ते सांगायचं. सातव्याची पाळी यायच्या आत तो गायब होतो, त्यामुळे गोष्टी होतात सहा. इंग्रजी साहित्य शिकणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल, ही चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ची मांडणी आहे. आणि ‘वेताळ पंचविशी’ ऐकत वाढलेल्या आपल्याला गोष्टीतल्या गोष्टीचं काय कौतुक सांगायचं!

खरी मजा पुढे आहे. सहाही चॅप्टर्स सहा वेगळ्या प्रकारांत लिहिलेत. एक हॉररची डायरी, एक युद्धकथा, एक आत्मचरित्र, एक घरगुती शोकांतिका, एक डिटेक्टिव्ह थ्रिलर आणि एक प्रेमकथा. त्यामुळे ‘तुझा फेव्हरेट कुठला?’ हा प्रश्न इथे विचारावाच लागतो. आणि पाच वर्षांत माझं उत्तर बदललंय.

पाद्री: हवा तो पुरावा मिळाला तर?

पहिली गोष्ट फादर होय्ट सांगतो, पण त्यातला हिरो आहे फादर ड्युरे. हा पाद्री उत्खनन करणारा अभ्यासक आहे. परग्रहावरच्या अवशेषांत ख्रिस्ती श्रद्धेच्या खुणा सापडल्याचं दाखवण्यासाठी त्यानं पुराव्यांत फेरफार केलेला असतो. ते पकडलं जातं आणि त्याला दूर हायपेरियनवर धाडलं जातं. तिथल्या दरीच्या काठी त्याला सत्तर जणांची एक जमात भेटते. त्यांच्या छातीत क्रूसाच्या आकाराचा एक परजीवी रुतलेला असतो. माणूस मेला की हा क्रूस त्याला पुन्हा जिवंत करतो. फक्त दर वेळी त्याच्यातलं थोडं माणूसपण कमी होतं.

सतराव्या वर्षी हा चॅप्टर मी रात्री लाइट लावून वाचला होता, कारण भीती वाटत होती. यंदा भीतीपेक्षा जास्त वेळ मी ड्युरेपाशीच थांबले. ज्या माणसानं पुरावा खोटा रचला, त्याच्या समोर खराखुरा पुरावा येतो आणि तो इतका भयानक असतो की ड्युरेला तो नको होतो. आमच्या पत्रकारितेच्या वर्गात फॅक्ट-चेकचं अख्खं मोड्यूल आहे. पण आपल्याला जे खरं असावंसं वाटतं तेच आधी तपासून घ्या, हे या चॅप्टरइतकं ठसठशीतपणे मला कुठल्याच स्लाइडनं सांगितलं नाही. फॅमिली ग्रुपवर काहीही फॉरवर्ड करण्याआधी एकदा फादर ड्युरेला आठवा.

सैनिक: तेव्हाचा फेव्हरेट

दुसरी गोष्ट कर्नल कसादची. हा मंगळावर वाढलेला सैनिक. मिलिटरी स्कूलमध्ये त्याला जुन्या लढायांच्या सिम्युलेशनमध्ये टाकतात. पहिलीच लढाई १४१५ सालची अ‍ॅजिनकोर्टची. चिखल, चिलखतं, बाणांचा पाऊस. तिथे त्याला एक अनोळखी तरुणी भेटते आणि मग ती प्रत्येक लढाईत भेटत राहते.

२०२० मध्ये हा माझा नंबर एकचा चॅप्टर होता. तेव्हा आमचा अख्खा ग्रुप मोबाइलवर ‘पब्जी’ खेळायचा. सप्टेंबरमध्ये त्यावर बंदी आली, त्या आठवड्यात तर मी हा चॅप्टर दोनदा वाचला. गेमची तहान पुस्तकावर भागवली म्हणा ना.

यंदा वाचताना लक्षात आलं की हा चॅप्टर युद्धाच्या प्रेमात पडण्याबद्दलच आहे आणि लेखकाला ते आवडलेलं नाही. कसाद शिस्तीचा, नियमानं लढण्यावर विश्वास ठेवणारा. प्रत्यक्ष शत्रू ते नियम पाळत नाही तेव्हा कसादही ते सोडतो आणि त्याच्या नावापुढे ‘खाटीक’ लागतं. शेवटी आपण अब्जावधी माणसांना मारणाऱ्या युद्धाचं निमित्त ठरणार, हे त्याला दिसतं आणि तो हादरतो. फोनवर युद्धाचे ड्रोन व्हिडिओ म्युझिक लावून फिरत असताना आज हा चॅप्टर वाचणं हा वेगळा अनुभव आहे. थरार अजूनही वाटतो. पण आपल्याला थरार का वाटतोय, हा प्रश्नही शेजारी येऊन बसतो.

कवी: एका हिटनंतर

तिसरा मार्टिन सायलेनस, शिवराळ कवी. वय काही शतकं. गोठवलेल्या अवस्थेतल्या लांबच्या प्रवासात त्याच्या मेंदूला इजा होते आणि त्याच्याकडे मोजके शब्द उरतात, तेही बहुतेक शिव्याच. मजुरी करता करता तो एकेक शब्द परत मिळवतो आणि लिहायला लागतो. त्याचं एक पुस्तक तुफान खपतं. मग तो मनापासून एक महाकाव्य लिहितो, ते सपशेल आपटतं. प्रकाशकाला हवेत फक्त पहिल्या हिटचे पुढचे भाग.

एक रील व्हायरल झाली म्हणून तसल्याच पन्नास रील्स टाकत बसलेला एखादा मित्र तुम्हालाही असेल. त्याला हा चॅप्टर वाचायला द्या. बाकी मला हा कवी पहिल्या वेळेइतकाच दमवतो, म्हणून पुढे जाऊ.

प्रोफेसर: मागे मागे जाणारी मुलगी

चौथा चॅप्टर. पहिल्या वेळी मी तो ‘सॅड आहे, छान आहे’ म्हणून संपवला होता. यंदा तीन दिवस त्यातच होते.

सोल वाइनट्रॉब नीतिशास्त्राचा प्रोफेसर. ईश्वराच्या आज्ञेवरून पोटच्या मुलाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहमच्या कथेवर त्यानं आयुष्यभर विचार केलाय. त्याची मुलगी रेचल पुरातत्त्वज्ञ होते आणि सव्विसाव्या वर्षी हायपेरियनवरच्या थडग्यांचा अभ्यास करायला जाते. तिथे एका रात्री काहीतरी घडतं आणि तेव्हापासून तिचं वय उलटं चालू लागतं. रोज झोपून उठली की ती एका दिवसानं लहान झालेली असते आणि तेवढ्या दिवसाची आठवणही पुसलेली असते. काल भेटलेली माणसं आज अनोळखी. मग प्रियकर अनोळखी. मग कॉलेज, मग शाळा. सोल आणि त्याची बायको सराय यांना पोरीचं वाढणं पुन्हा बघायला मिळतं, पण उलट्या बाजूनं.

सुरुवातीला रेचलला रोज सकाळी सगळं सांगावं लागतं. तुला काय झालंय, मध्ये किती वर्षं गेलीयेत, आईबाबा असे म्हातारे का दिसतायत. रोज सकाळी तिच्यासाठी ही बातमी नवी असते आणि धक्काही नवा. शेवटी ती स्वतःच बापाला म्हणते की आता मला सांगू नका. त्यानंतर आईबाप रोज नाटक करतात, सगळं ठीक असल्याचं.

हा चॅप्टर मला यंदा का लागला, ते सांगते. आमच्या घरी आजोबा रोज संध्याकाळी विचारतात, ‘हिला एवढा उशीर का झाला?’ ही म्हणजे आजी. आजीला जाऊन चार वर्षं झाली. सुरुवातीला आम्ही खरं सांगायचो. आजी गेली, तुम्हीच तर होतात तिच्याजवळ. दर वेळी आजोबांना ती बातमी पहिल्यांदाच कळायची. ते रडायचे, जेवायचे नाहीत आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा दाराकडे बघत बसायचे. मग एके दिवशी बाबांनी सांगितलं, ‘मावशीकडे गेलीय, उद्या येईल.’ आजोबा म्हणाले, ‘मग फोन तरी करायचा’ आणि चहा प्यायले.

तेव्हापासून आमच्याकडे आजी रोज मावशीकडे जाते.

आईला हे सुरुवातीला पटलं नव्हतं. आयुष्यभर खरं बोलायला शिकवणाऱ्या माणसाशी आपण रोज खोटं बोलायचं? मी सुट्टीत घरी गेले की संध्याकाळचं उत्तर माझ्याकडे येतं आणि ते द्यायच्या आधी माझाही आवाज एकदा अडकतोच. सोलचा चॅप्टर वाचताना मला वाटलं, या माणसाला आमचं घर माहितीये. पण एक फरकही दिसला आणि तो बोचला. रेचल स्वतः सांगू शकली, आता नको. आजोबांना ते विचारण्याची वेळ निघून गेलीये. त्यांच्या वतीनं बाबांनी ठरवलं. सोल तर नीतिशास्त्राचा प्रोफेसर, पण त्याच्याकडेही तयार उत्तर नाही. तो फक्त रोज सकाळी उठून पोरीसमोर उभा राहतो. कादंबरी सुरू होते तेव्हा त्याच्या कुशीत काही आठवड्यांचं बाळ असतं. ते बाळ म्हणजे रेचल. तिच्या जन्माच्या दिवसापर्यंतचेच दिवस आता त्याच्या हातात आहेत.

दूरच्या कुठल्यातरी ग्रहावरच्या गोष्टीनं आपल्या घरातल्या संध्याकाळबद्दल बोलायला शब्द द्यावेत, याचं मला नवल वाटलं. हा चॅप्टर मी आईला मराठीत सांगितला. तिनं ऐकून एवढंच विचारलं, ‘आणि त्या मुलीची आई?’ सरायचं काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

डिटेक्टिव्ह: एआय येण्याआधीचा एआय

पाचवी गोष्ट ब्रॉन लेमिया या डिटेक्टिव्ह बाईची. तिच्या ऑफिसमध्ये एक देखणा क्लायंट येतो आणि म्हणतो, माझा खून झालाय, तो कुणी केला ते शोधा. हा जॉनी म्हणजे माणसाच्या शरीरात वावरणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि त्याचं व्यक्तिमत्त्व घडवलंय जॉन कीट्स या इंग्रज कवीवरून. कीट्स १८२१ मध्ये रोममध्ये क्षयानं गेला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. ‘हायपेरियन’ हे त्याचंच अपूर्ण राहिलेलं काव्य आणि कादंबरीचं नाव तिथूनच आलंय.

पहिल्या वाचनात मला यातल्या मारामाऱ्या आणि पाठलाग आवडले. ‘टेक्नोकोअर’, म्हणजे माणसांपासून स्वतंत्र झालेल्या एआयचं जग, ही तेव्हा निव्वळ कल्पना वाटली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि आज असाइनमेंटपासून ब्रेकअपच्या मेसेजपर्यंत सगळं तिथे विचारलं जातं. आता या चॅप्टरमधली एक गोष्ट खटकन दिसते. माणसं ज्या फारकास्टरवर पूर्ण अवलंबून आहेत ते चालतं कसं, हे एकाही माणसाला कळत नाही. ते फक्त टेक्नोकोअरला ठाऊक आहे. आणि टेक्नोकोअरमध्येही एकमत नाही. माणसांना ठेवायचं की संपवायचं, यावर तिथे गट पडलेत.

ज्या १९८९ मध्ये ही कादंबरी आली, त्याच वर्षी टिम बर्नर्स-ली यांनी ‘सर्न’ या संशोधन संस्थेत वर्ल्ड वाइड वेबचा प्रस्ताव मांडला होता. म्हणजे वेब जन्माला यायच्या वेळीच सिमन्स ‘जाळ्यात सगळे जोडले गेले तर जाळ्याची चावी कुणाकडे?’ असं विचारत होता. वायफाय गेल्यावर हॉस्टेलमध्ये जी पळापळ होते ती आठवा आणि हा चॅप्टर वाचा.

कॉन्सल: काळाचं कर्ज

शेवटची गोष्ट सगळ्यात जुनी आहे. कादंबरीच्या सहा वर्षं आधी, १९८३ मध्ये, ती स्वतंत्र कथा म्हणून छापून आली होती. कॉन्सल नावाचा मुत्सद्दी आपल्या आजी-आजोबांची प्रेमकथा सांगतो. आजोबा मेरिन अंतराळयानावर काम करणारा तरुण, आजी सिरी एका समुद्रानं वेढलेल्या सुंदर ग्रहावरची मुलगी. या ग्रहावर चालती बेटं आहेत आणि डॉल्फिन. मेरिनचं काम काय? त्या ग्रहावर फारकास्टर बसवणं.

अडचण अशी की यानातल्या प्रवासात काळ हळू चालतो. मेरिनचे काही महिने जातात, तेवढ्यात सिरीची कितीतरी वर्षं उलटतात. दर भेटीला ती मोठी होत जाते. आधी त्याच्याहून लहान, मग बरोबरीची, मग आईच्या वयाची, मग म्हातारी. तो मात्र तरुणच. कादंबरीत याला ‘टाइम डेट’ म्हणतात, काळाचं कर्ज. प्रवास करणाऱ्यानं उचललेलं आणि मागे राहिलेल्यानं फेडलेलं.

पहिल्या वेळी मला यातलं फिजिक्स आवडलं होतं. यंदा मी घर सोडून चार वर्षं शहरात राहिलेली मुलगी म्हणून वाचलं. माझं घर चिपळूणजवळ. वर्षातून दोनदा जाते, गणपतीला आणि दिवाळीला. माझ्यासाठी मधला काळ म्हणजे एक सेमिस्टर. दोन सबमिशन, एक फेस्ट, की उडालं. पण घरी पोहोचल्यावर कळतं, तिकडे किती काय होऊन गेलंय. शेजारची छोटी दहावीला गेलीये. वळणावरचा आंबा रस्ता रुंद करताना गेलाय. आईनं केस रंगवणं सोडलंय. बाबा जिना चढताना मध्ये थांबतात आणि थांबलोच नाही असं दाखवतात. तुम्हीही घरापासून लांब शिकत असाल, तर हे कर्ज तुमच्या नावावरही आहे. व्हिडिओ कॉलवर त्याचा हिशेब दिसत नाही, कारण तिथे सगळ्यांचे फक्त चेहरे दिसतात.

या चॅप्टरमध्ये आणखी एक गोष्ट आहे. फारकास्टर सुरू झालं की पर्यटकांचे लोंढे येणार आणि ते समुद्र, ती बेटं, ते डॉल्फिन उरणार नाहीत, हे सिरीला माहीत असतं. मेरिनला ते कळेपर्यंत तिचं आयुष्य संपतं. पहिल्या वाचनात सिरी मला फक्त वाट बघणारी प्रेयसी वाटली होती. यंदा दिसलं, की वाट बघत असताना ती तिकडे एका अख्ख्या ग्रहाचं राजकारण उभं करत होती. नंतरच्या बंडाला तिचंच नाव मिळतं. गोष्ट मेरिनच्या तोंडची असली, तरी घडवणारी ती आहे.

आता खटकणारं

आवडतं पुस्तक पुन्हा वाचायचं म्हणजे फक्त लाड करायचे असं नाही. काही गोष्टी यंदा खटकल्या. सैनिकाच्या गोष्टीतली तरुणी बराच काळ फक्त कसादच्या इच्छेपुरती उरते. कवीच्या बायकांवरच्या शेऱ्यांना ‘पात्रच तसं आहे’ म्हणून किती सूट द्यायची, यावर माझं आणि मैत्रिणीचं अजून एकमत झालेलं नाही. आणि सात यात्रेकरूंत बाई एकच. याच लेखकानं १९८५ मध्ये ‘साँग ऑफ काली’ ही कोलकात्यात घडणारी भयकादंबरी लिहिली होती. त्यात शहराचं जे किळसवाणं चित्र आहे, ते भारतीय वाचकाला टोचल्याशिवाय राहत नाही.

तरीही ‘हायपेरियन’ माझ्या शेल्फवर राहणार. सिमन्स मुळात प्राथमिक शाळेतला शिक्षक. वर्गातल्या मुलांना रोज थोडी थोडी करून सांगितलेल्या एका लांबलचक गोष्टीत या विश्वाची बीजं होती. कादंबरी वाचताना ते जाणवतं. प्रत्येक चॅप्टर अशा जागी थांबतो की वर्गातलं पोरगं म्हणेल, ‘सर, पुढे?’

शेवट का नाही सांगितला?

कारण तो नाहीच. सहा गोष्टी सांगून होतात, यात्रेकरू थडग्यांच्या दरीकडे चालू लागतात आणि पुस्तक संपतं. श्राइकचं काय झालं, रेचलचं काय झालं, काही कळत नाही. उत्तरं पुढच्या, म्हणजे १९९० मध्ये आलेल्या ‘द फॉल ऑफ हायपेरियन’मध्ये आहेत. सतराव्या वर्षी मी चिडून किंडल गादीवर आपटलं होतं आणि त्याच रात्री दुसरा भाग सुरू केला होता. यंदा तिथेच थांबले. ही माणसं एकमेकांना आपापलं सगळ्यात जड ओझं सांगून झालीयेत आणि आता एकत्र चालतायत, एवढं मला या वेळी पुरलं.

तर, तुम्हालाही एखादं पुस्तक पुन्हा वाचायचं असेल, तर काही छोट्या टिप्स:

• निदान चार-पाच वर्षांपूर्वी वाचलेलं निवडा. गेल्या वर्षीचं नको, फरक दिसणार नाही.
• सुरू करण्याआधी आवडता प्रसंग आणि आवडतं पात्र कागदावर लिहून ठेवा. संपल्यावर ताडून बघा.
• जे पूर्वी भराभर उलटलं होतं, ते या वेळी सावकाश वाचा. बहुतेकदा नवं तिथेच सापडतं.
• आवडलं नाही तर सोडून द्या. काही पुस्तकं त्या त्या वयाची असतात.
• एक तरी चॅप्टर कुणाला तरी तोंडी सांगा. आईला, रूममेटला, कुणालाही. त्यांचे प्रश्न आपल्याला सुचलेले नसतात.
• शेवटच्या पानावर तारीख टाका.

माझ्या कॉपीच्या शेवटच्या पानावर आधीच्या कुणातरी वाचकानं पेन्सिलनं तारीख टाकलीये, १९९६ ची. खाली मी माझी टाकली. त्याला किंवा तिला कुठला चॅप्टर आवडला होता, देव जाणे. पण प्रोफेसरच्या चॅप्टरमधलं एक पान वरून दुमडलेलं आहे आणि ते मी तसंच ठेवलंय.